हाडक्याची चिठ्ठी

कापडाचा ताका आणि कुत्रं यांत फरक एवढाच, की ताका उतरवून आपण निघालो तर तो मागे वळून बघत नाही. बाकी दोन्ही वाहताना काळजी सारखीच. ओलं होऊ द्यायचं नाही, दाबून भरायचं नाही, आणि जिथं पोचवायचं तिथंच पोचवायचं.

हे मी अधिकाराने सांगतो. अठ्ठावीस वर्षं सुरतेत टेम्पो चालवला. सचिन, उधना, लिंबायत इथल्या लूमच्या खात्यांतून, म्हणजे कारखान्यांतून, कोरं कापड उचलायचं आणि रंगाईच्या मिलला टाकायचं, हा धंदा. माझा एक ताका कमी भरला असं कोणी सेठ म्हणू शकत नाही. मुलं मार्गी लागली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा धंदा बंद केला. टेम्पो मात्र विकला नाही. म्हातारपणी माणूस घरात बसला की बायकोच्या स्वयंपाकात चुका काढतो, आणि मंगलला ते चालणारं नव्हतं.

कुत्र्यांच्या कामात मी कसा आलो, ते फार मोठं नाही. एकदा रस्त्यावर एक जखमी कुत्री पडलेली होती आणि तिच्याजवळ एक मुलगी हात करून रिक्षा थांबवत होती. एकही रिक्षावाला थांबेना. मी टेम्पो थांबवला. ती मुलगी म्हणजे हेतल. रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली कुत्री उचलून बरी करायची आणि त्यांना घर बघून द्यायचं, असं काम करणारा आठ-दहा जणांचा तिचा गट आहे. पगार कोणालाच नाही. त्या दिवशी तिने माझा नंबर घेतला, आणि त्याला आता सहा वर्षं झाली. फोन आला की एकच वाक्य असतं, "काका, आजे फ्री छो?" मी कधीही फ्री नसतो आणि कधीही नाही म्हणत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कुत्रं न्यायचं म्हणजे दोरी बांधून मागे टाकायचं. तसं नाही. निघायच्या आधी चार-पाच तास खायला द्यायचं नाही, नाहीतर ओकतं. पिंजऱ्यात खाली गोणपाट आणि त्यावर लूमच्या चिंध्यांचा जाड थर. पिंजऱ्यावर जुनी साडी टाकायची, म्हणजे पळती झाडं दिसत नाहीत आणि ते शांत बसतं. ताके लवंडले तर परत रचता येतात, म्हणून वळणावर मी पूर्वी एवढा हळू नव्हतो. पोचल्यावर दोरी नव्या मालकाच्या हातात द्यायची. आपण कुरवाळत बसायचं नाही, सरळ निघायचं.

जायला घर मिळेपर्यंत कुत्रं कोणाच्या तरी घरी ठेवावं लागतं. हेतलचा गट त्याला फोस्टर म्हणतो. मंगलने एसटीचा शब्द घेतला, मुक्कामी. "आज मुक्कामी कोण आहे?" असं ती विचारते. कोसाडला आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा. घरमालक रमणभाई वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली, एका वेळी एकच जनावर, तेही पाहुणं, कायमचं नाही. मंगलचीही एक अट होती. मुक्कामी आलेल्याला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की ते आपलं होतं, आणि जाताना जीव तुटतो. त्यामुळे आमच्याकडे काळी, लाल्या, लंगडी एवढ्यावर भागायचं.

धंद्यातली एक सवय मात्र मी इथेही आणली. ती म्हणजे चिठ्ठी. कापड उचलताना फाटकं असेल, तेलाचा डाग असेल, तर तिथल्या तिथे चिठ्ठीवर डॅमेज म्हणून लिहून घ्यायचं. लिहिलं तर जबाबदारी खातेवाल्याची, नाही लिहिलं तर ड्रायव्हरची. प्रत्येक कुत्र्याबरोबर मी माझ्या अक्षरात चिठ्ठी देतो. फटाक्याला घाबरते. झाडू उचलला की चावायला येतो. पुरुषांकडे पाठ करून जेवते. हेतल सुरुवातीला म्हणाली, काका, असं लिहिलं तर कोण घेईल? मी म्हणालो, हे वाचूनही जो घेईल, तोच ठेवेल.

आणि माणसं घेतात. गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. वराछाच्या एका भाईला असं कुत्रं हवं होतं जे कधीच भुंकणार नाही, फक्त चोर आल्यावर भुंकेल. मी म्हणालो, भाई, चोराला आधी फोन करून यायला सांगा. एका घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नव्हता आणि आमची काळी तर कोंबडीच्या पाण्यावर वाढलेली. मी परत येताना मंगलला म्हणालो, आठ दिवसांत परत येते बघ. वर्षाने गेलो तर काळी खाखरा खाऊन एवढी सुटली होती की उठून आली नाही, बसल्या जागी शेपूट हलवली.

इतकं सगळं नीट चाललेलं असताना मी एक घोळ घातला. लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

सचिनच्या कारखान्यांच्या मागे रंगाच्या पाण्याची एक नाली आहे. तिच्या काठी हेतलला एक कुत्रं सापडलं. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "काका, जल्दी आवो, आ तो मरी जशे." मी पोचलो तर कुत्रं म्हणजे नुसता सापळा. एक बाजू नालीच्या पाण्याने जांभळी झालेली, मानेला जखम. मी त्याला एका हाताने उचललं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे हाडक्या, काय करून घेतलंस रे."

घरी आल्यावर मंगलने ऐकलं. "तुम्ही नाव ठेवलं," ती म्हणाली.

"नाव कुठे? आहे ते सांगितलं."

ताटलीत तो खायचा नाही. डॉक्टर म्हणाले, हाताने भरवा, थोडं थोडं, दिवसातून दहा वेळा. मग मी भात कोंबडीच्या पाण्यात कालवायचा, भिंतीला टेकून बसायचं आणि घास पुढे करून म्हणायचं, "हाडक्या, घे." तो कोपऱ्यातून सरपटत यायचा. दिवसातून इतक्या वेळा म्हणायचं तर माणूस शब्द कापतो. हाडक्याचं हाड झालं. "हाड, घे. हाड, ये." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दीड महिन्यात अंगावर मांस चढलं, केस आले, जांभळा रंग गेला. हाड म्हटलं की कान टवकारून, तोंड उघडून धावत यायचा. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, बघा, कसा हुशार आहे.

हजीऱ्याच्या एका कंपनीच्या वसाहतीत राहणाऱ्या तरुण जोडप्याने त्याला घेतलं. मंगलने नेहमीसारखा तिच्या साडीचा तुकडा बरोबर दिला, घराचा वास राहावा म्हणून. मी चिठ्ठीत लिहिलं, काही डॅमेज नाही. अशी चिठ्ठी मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिली होती.

तीन आठवड्यांनी हेतलचा फोन. "काका, ए पाछो आवे छे." परत येतोय. का? तर वॉचमनच्या अंगावर धावून जातो. माळ्याच्या अंगावर जातो. घरात गरीब गाय आणि बाहेर कोणी हाकललं की चवताळतो. जोडप्याला वसाहतीने नोटीस दिली होती. मी आणायला गेलो तेव्हा ती बाई रडत होती. मी मनात तिच्यावरच चिडलो. म्हटलं, तुम्हालाच सांभाळता आलं नाही.

परत आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी आमच्या दारासमोर भाजीवालीची हातगाडी उभी होती. गल्लीतलं एक कुत्रं तिच्या टोपलीला नाक लावायला आलं. ती ओरडली, "हड, हड." गुजराती माणूस हड म्हणतो, आपण हाड म्हणतो. आमचा हाडक्या खाटेखालून सुटला तो उंबरा ओलांडून थेट भाजीवालीसमोर. तोंड उघडं, जीभ बाहेर. तिने तराजू टाकला आणि किंचाळत हातगाडीच्या पलीकडे गेली. हाडक्या तिच्या मागे गेला. ती जितकी हड हड करेल तितका हा जवळ. रमणभाई वरून धावत आले.

मंगल हातात पळी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, तो धावून नाही गेला. तिने बोलावलं त्याला."

"कोणी बोलावलं?"

"तुम्ही काय म्हणून भरवलंत त्याला?"

मी बघितलं. हाडक्या भाजीवालीसमोर बसला होता आणि तोंड उघडून घासाची वाट बघत होता. जगातला प्रत्येक माणूस कुत्र्याला हाकलायला जो शब्द वापरतो, तो मी त्याला जेवायला बोलवायचा शब्द म्हणून शिकवला होता. हजीऱ्याचा वॉचमन काठी उगारून हड म्हणत होता आणि याला वाटत होतं, आला भात.

रमणभाईंनी तिथेच निकाल दिला. या कुत्र्याला पंधरा दिवसांत हलवा, आणि हे परत माझ्या दारात नको.

आम्ही त्याला नवीन नाव शिकवायला घेतलं, पिंटू. हाडपासून जेवढं लांब सापडलं तेवढं. दहा दिवसांत तो पिंटूला येऊ लागला. मला वाटलं, झालं. एक दिवस तो ताटलीत जेवत असताना मी दाराआडून अगदी हळू हाड म्हणालो, परीक्षा म्हणून. तो जेवण सोडून आला. भुकेने मरायला टेकलेलं जनावर भरलेली ताटली सोडून माझ्याकडे आलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पुढे मी जे केलं त्याचं कारण समजून घ्या. हेतलच्या गटाचा नियम आहे, दोनदा परत आलेलं कुत्रं पुन्हा कोणाला द्यायचं नाही. जिथून उचललं तिथे सोडायचं. नाहीतर गटावरचा विश्वास जातो, आणि ते बरोबरच आहे. हाडक्या एकदा परत आलेला. पुन्हा आला तर सचिनची नाली. आणि रस्त्यावर हाड म्हणणाऱ्या माणसाच्या हातात दगड असतो. बाकीची कुत्री लांब पळतात, हा दगडाकडे शेपूट हलवत जाणार. चार दिवससुद्धा टिकला नसता.

तेवढ्यात दिंडोलीच्या भूषणचं नाव आलं. आपला खान्देशी माणूस, साडीच्या दुकानात सेल्समन. बायको शाळेत शिकवते, मुलगी शाळेत जाते. वडील वारल्यावर साक्रीकडच्या गावाहून आईला इकडे आणलेलं. आई दिवसभर एकटी असते, सोबत होईल, म्हणून कुत्रं हवं. मी चिठ्ठी लिहायला बसलो. नाव पिंटू, वय अंदाजे दोन, सगळं खातो. डॅमेजच्या पुढे पेन थांबलं. हाड म्हटलं की अंगावर येतो, असं लिहिलं तर कोण घेणार? मी तिथे रेघ मारली.

मंगल बघत होती. "लिहीत नाही का?"

"घरातच राहणार आहे. घरात हाड कोण म्हणतं."

दिंडोलीला दार उघडलं तर समोरच खाटेवर सुमनआजी बसलेल्या. त्यांनी हाडक्याकडे बघितलं आणि त्यांचा पहिला शब्द होता, "हाड." तो सरळ त्यांच्याकडे गेला. भूषण खूश झाला, म्हणाला, "बघा काका, आईला ओळखीचा वाटला." मी हसलो. दोरी त्याच्या हातात दिली, चिठ्ठी दिली आणि मागे न बघता उतरलो. तो माझा नियमच आहे, पण त्या दिवशी मी नियमामुळे तसा निघालो नव्हतो.

नवव्या दिवशी भूषणचा फोन. "काका, आई म्हणते, एक तर कुत्रं राहील नाहीतर मी राहीन. आज घेऊन जा. मी दुकानात आहे, आई घरी आहे."

अमरोलीचा पूल ओलांडताना मी बोलायचं जुळवत होतो. हेतलला काय सांगू, रमणभाईंच्या पाया पडू का, असं सगळं. अठ्ठावीस वर्षांत एक डॅमेज लपवला नाही, आणि लपवला तो जिवंत माल. मला स्वतःची लाज वाटत होती.

दार लोटलेलं होतं. आजी खाटेवर, आणि खाटेच्या पायाशी मंगलच्या साडीच्या तुकड्यावर हाडक्या. मला बघून तो उठला, शेपूट हलवली, पुन्हा बसला.

"लई जा रे भाऊ तेले," आजी म्हणाल्या. अहिराणी ऐकून माझा आधीच अर्धा जीव गेला. घरात आमची आई हेच बोलायची. "मी हाड म्हनस, तं तो आखो जवळ येस. पुन्हा म्हनस, तं मांडीवर डोकं ठेवस. इतलं निर्लज्ज कुत्रं मी देखं नही."

मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. नाली, एका हातात उचललेला सापळा, भात, नाव, हजीरा, भाजीवाली. चिठ्ठीवर मारलेली रेघसुद्धा सांगितली. म्हटलं, "आजी, चूक त्याची नाही, माझी आहे. तुम्ही हाकलता आणि त्याला वाटतं तुम्ही जेवायला बोलावता."

त्यांनी खाली हाडक्याकडे बघितलं. मग विचारलं, "म्हंजे दिनभर मी तेले बलावस?"

"हो."

"नऊ दिन?"

"हो."

"आनि तो दर खेपले येस," त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही, स्वतःशीच म्हणाल्या. मग पदराने चष्मा पुसला. "भूषणले हाक मारी तं दोन दोनदा मारनी पडस. नात मन्ही भाषा समजस नही. सून बिचारी चांगली शे, पन घरमा ऱ्हास कधी?"

त्यांनी मला कुत्रं न्यायला सांगितलं होतं, तेवढं मला कळत होतं. मी हाडक्याच्या गळ्यात दोरी अडकवली, साडीचा तुकडा उचलून खांद्यावर टाकला आणि दाराकडे निघालो. तो माझ्याबरोबर आला. उंबऱ्यापर्यंत नीट आला.

मागून आजी म्हणाल्या, "हाड."

रागाने नाही. जेवायला बसल्यावर माणूस घरातल्याला हाक मारतो, तसं. हाडक्याने दोरीला असा झटका दिला की माझा हात खांद्यातून हलला. मी दोरी सोडून दिली. तो खाटेशी गेला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून तोंड उघडून बसला. आजी हळूहळू उठल्या, भिंत धरून स्वयंपाकघरात गेल्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदाच, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मी चिठ्ठी मागून घेतली. डॅमेजपुढच्या रेघेवर लिहिलं, हाड म्हटलं की येतो. आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, भूषणला सांगा, दारावर पाटी लावायला. बाहेरच्या कोणी या कुत्र्याला हाड म्हणू नये. भूषणने खरंच पाटी लावली, मराठीत आणि गुजरातीत. त्या मजल्यावर माणसं ती वाचून हसतात, पण हाड कोणी म्हणत नाही. फिरायला नेताना भूषण दोरी सोडत नाही, ते मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

हेतललाही सगळं सांगितलं. ती चिडली, आणि तिचं बरोबर होतं. तेव्हापासून माझ्या चिठ्ठ्या ती स्वतः वाचून सही करते. मला त्याचं वाईट वाटत नाही. नाव मात्र आम्ही आता मुक्कामी आलेल्या प्रत्येकाला ठेवतो, फक्त आधी ते गल्लीत ओरडून बघतो की त्या शब्दाने कोण पळतं आणि कोण येतं.

परवा आजींचा फोन आला. दिवाळीला दोघं या म्हणाल्या. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, मंगल भाजी निवडत होती. बोलता बोलता आजी मध्येच थांबल्या आणि तिकडे हाक मारू लागल्या, हाड, हाड, हाड. मंगलने मान वर केली.

"अजून हाकलतात का त्याला?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "बारा वाजले. जेवायला बोलावताहेत."